नसलेल्या ग्रहाची लढाई

घरी वास्तुशांत असली की भटजी पाटावर तांदळाचे नऊ पुंजके मांडतात आणि प्रत्येकावर एकेक सुपारी ठेवतात. हे नवग्रह. आता त्याच घरातला शाळेत जाणारा मुलगा जवळ बोलवा आणि त्याला त्याच्या पुस्तकातले ग्रह म्हणायला सांगा. तो घडाघडा म्हणेल: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. हे झाले आठ. २००६ सालापर्यंत त्याच्या थोरल्या भावाच्या पुस्तकात प्लूटो धरून नऊ होते. त्या वर्षी जगातल्या ज्योतिर्विदांच्या सभेने ग्रह कशाला म्हणावे याची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला बटुग्रहांच्या पंगतीत बसवले.

आता पाटावरची यादी आणि पुस्तकातली यादी शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत सापडतात असे ग्रह फक्त पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. पाटावरचा सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह. पृथ्वी पाटावर नाही, कारण आपण तिच्यावरच पाट मांडून बसलो आहोत. आणि राहिले दोन, राहू आणि केतू. हे दोघे शाळेच्या पुस्तकात नाहीत आणि आकाशातही नाहीत. जगातली सर्वांत मोठी दुर्बीण लावली तरी ते दिसायचे नाहीत.

नसलेल्या या ग्रहांविषयी, आणि त्यांच्या नावाने जी लढाई आपण आजवर लढत आलो तिच्याविषयी, मी तुमच्याशी आज चार शब्द बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, नसलेल्या ग्रहाविषयी बोलायचे तरी काय? पण बघा, हल्लीची मुले अशा ग्रहांच्या गोष्टींवर किती जीव टाकतात. पुस्तकात, चित्रकथेत, पडद्यावर कुठला तरी दूरचा ग्रह असतो, त्याचा कुणी क्रूर राजा असतो, त्याची याने पृथ्वीवर चालून येतात, आणि अवकाशात घनघोर युद्ध जुंपते. वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात, हे कुठले परदेशी वेड! वेड परदेशी मुळीच नाही. आपल्या आजीने सांगितलेली समुद्रमंथनाची गोष्ट आठवा. अमृत निघाले. मोहिनी देवांना वाढीत होती. देवांच्या पंगतीत एक दैत्य वेष पालटून बसला. सूर्य आणि चंद्र यांनी त्याला ओळखले आणि खूण केली. विष्णूने सुदर्शन सोडले. पण अमृत गळ्यापर्यंत पोचले होते, म्हणून मस्तक अमर झाले तो राहू, आणि धड उरले तो केतू. तेव्हापासून चहाडी करणाऱ्या सूर्य-चंद्रावर त्याने डूख धरला, आणि संधी मिळाली की तो त्यांना गिळतो. अवकाशात सुटलेले अस्त्र, अमर झालेला शत्रू आणि युगानुयुगे चाललेले वैर! यापेक्षा मोठे अवकाशयुद्ध कुठल्या लेखकाने लिहिले आहे?

ही गोष्ट आपल्या मातीतही रुजली आहे. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. तिथले लोक सांगतात की अमृताची पंगत इथेच बसली होती, आणि राहूचे डोके जिथे पडले ती राहुरी. दंतकथाच ती, पण गोड आहे. पाण्याच्या भांड्यावरून घरातल्या दोन जावा भांडाव्यात तसे देव-दैत्य भांडले आणि गावाला नाव मिळाले! गोष्ट म्हणून ती सांगावी, ऐकावी, मुलांना रंगवून सांगावी. त्यात काडीचीही हरकत नाही.

मात्र आपल्या विद्वानांनी ती गोष्ट आहे हे फार पूर्वी ओळखले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात साफ सांगितले की सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते. राहूचे तोंड नाही, दात नाहीत, गिळणे नाही. मग राहूचे करायचे काय? गणित करणाऱ्यांनी त्याला फेकून दिले नाही, कामाला लावले!

ते कसे, ते पाहा. तुमच्या घरी बैलगाडीच्या दोन जुन्या धावा असतील. एक धाव आडवी धरा. ही सूर्याची आकाशातली वाट. दुसरी तिच्यात अडकवा आणि जराशी कलती करा. ही चंद्राची वाट. कल अगदी थोडा, सुमारे पाच अंशांचा. दोन धावा कुठे कुठे एकमेकींना छेदतात? समोरासमोरच्या दोन ठिकाणी. या दोन ठिकाणांना आपल्या गणित्यांनी राहू आणि केतू ही नावे ठेवली. दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूने जातो, पण बहुतेक वेळा थोडा वरून किंवा थोडा खालून निसटतो. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. अमावास्या जेव्हा या छेदाच्या जवळ येते तेव्हाच चंद्र नेमका सूर्याच्या आड येतो आणि ग्रहण घडते. पौर्णिमेचेही तसेच. हे छेदही एका जागी राहत नाहीत. ते उलटे सरकतात आणि सुमारे साडेअठरा वर्षांत आकाशाची एक फेरी पुरी करतात. म्हणून पंचांगात राहू एका राशीत सुमारे दीड वर्ष असतो.

म्हणजे शेताच्या बांधावर जसा कोपऱ्याचा दगड, तसा राहू. फरक एवढाच की इथे दगडही नाही, नुसता कोपरा आहे. कोपऱ्याला पोट नसते. त्याला भूक कुठून लागणार?

ही आकडेमोड छापून घराघरांत पोचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर मुंबईत झाले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याआधी पंचांग हाताने लिहीत, आणि ज्याच्याकडे ते असे त्याच्या दारी तिथी विचारायला जावे लागे. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी जुन्या पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिले. अंतर पडलेले दिसले तेव्हा त्यांनी १८६५ च्या सुमारास सुधारलेले पंचांग काढले, तेच पटवर्धनी पंचांग. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे तर आपल्या शिक्षकांपैकीच एक. कोकणातल्या मुरुडचे, शाळांतून आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवणारे. त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास १८९६ साली छापला तो अजूनही अभ्यासक उघडतात. या मंडळींची एकच कसोटी होती. पंचांगात लिहिलेल्या वेळेला ग्रहण लागले पाहिजे. वेळ चुकली तर आकाशाला दोष न देता ते गणित दुरुस्त करीत.

आता हेच पंचांग गिरगावातल्या चाळीत पोचल्यावर काय होई, तेही पाहू. ग्रहण लागले की गल्लीतून आरोळी येई, “दे दान, सुटे गिऱ्हाण!” गिरगाव, दादर, परळ, लालबाग, सगळीकडे हीच आरोळी. गॅलरीतून जुनी लुगडी, धान्य, पैसे खाली पडत. पाण्यात, दुधात, लोणच्यात तुळशीपत्र किंवा दर्भ पडे. ग्रहण सुटले की माणसे चौपाटीवर नाहीतर वाळकेश्वरला बाणगंगेवर स्नानाला जात. गर्भार बाईला मात्र अंधाऱ्या खोलीत बसवीत. तिने विळीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचे नाही, कूसही बदलायची नाही. एकाच चाळीत वरच्या माळ्यावर पंचांगकर्त्यांचे अचूक गणित भिंतीला टांगलेले, आणि खालच्या खोलीत तहानेने व्याकूळ झालेली पोटुशी बाई. ग्रहणाची वेळ मिनिटाबरहुकूम सांगता येते हे सगळ्यांना दिसत होते. पण ज्याची वेळ मिनिटाबरहुकूम सांगता येते तो चालून आलेला शत्रू कसा असेल, हे विचारायला कोणी थांबत नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते पण बोललीच पाहिजे. ही आरोळी कोणाच्या तोंडी होती? गावोगावी ग्रहणाचे दान मागण्याचे काम महार आणि मांग समाजांच्या माथी मारलेले होते. लोक म्हणत, राहू-केतू त्यांच्या जातीचे, म्हणून दान त्यांना द्यायचे. जो ग्रहच नाही त्यालाही आपण जात चिकटवली! आणि ती जात खऱ्या, हाडामांसाच्या माणसांच्या गळ्यात अडकवली. दान तरी कसले? अंगावरून उतरवलेले, विटाळ गेला म्हणून टाकलेले. याच परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. गावकीची असली लाजिरवाणी कामे आणि असले तुकडे सोडा, असे त्यांनी आपल्या लोकांना बजावले, आणि लोकांनी ते ऐकले. कल्पनेतल्या दैत्याविरुद्ध जी खरी लढाई झाली ती ही. ती आकाशात झाली नाही, गावकुसाशी झाली.

नसलेल्या ग्रहाने सगळ्या देशाला धाक घातला ते साल १९६२. फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना मकर राशीत अष्टग्रही होती. आठ ग्रह एकत्र येणार म्हणून जगबुडी होणार अशी हूल उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, तुपाचे डबे अग्नीत रिकामे झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले. पण ते आठ कोण होते, हे फारच थोड्यांनी बोटे मोडून मोजले असेल. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सात. आणि आठवा केतू! म्हणजे सात होते ते आपापल्या वाटेने, एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर, फक्त आपल्याला एका रांगेत दिसत होते. आणि आठवा तर मुळी नव्हताच. ६ फेब्रुवारीला सूर्य नेहमीसारखा उगवला. तूप मात्र परत आले नाही.

म्हणून कोणी म्हणेल, कल्पनेतले ग्रह सगळे बंद करा. श्रोतेहो, मला ते पटत नाही. कारण कल्पनेवाचून शास्त्रही चालत नाही. युरेनस हा ग्रह हिशेबाबाहेर थोडा वेडावाकडा चालतो असे दिसले, तेव्हा फ्रान्समधल्या ल व्हेरिये याने कल्पना केली की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असावा. त्याने कागदावर त्याची जागा काढली. १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण तिकडे वळवली, आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला! कल्पनेतला ग्रह खरा निघाला. मग बुधाच्या चालीतही थोडा फरक आढळला. त्याच ल व्हेरियेने १८५९ साली म्हटले, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा. त्याला व्हल्कन हे नावही पडले. ग्रहणांच्या वेळी सूर्य झाकला की लोक त्याला शोधीत. कधी कोणाला दिसल्यासारखा वाटे, पण दुसऱ्याला दिसेना. शेवटी १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, बुधाच्या चालीचा हिशेब त्यातून तंतोतंत जुळला, आणि व्हल्कनची गरजच उरली नाही. शास्त्रज्ञांनी त्याला निरोप दिला. त्याची शांत करावी असे कोणी म्हटले नाही!

बघा, माणूसही तोच, रीतही तीच. एक कल्पना खरी ठरली ती ठेवली, एक खोटी ठरली ती सोडली. खरी शिस्त या सोडण्यात आहे.

आता १८९८ सालाकडे या. त्या वर्षी २२ जानेवारीला आपल्या महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. सोलापूर जिल्ह्यात जेऊर स्टेशनापाशी माळावर दुर्बिणी उभ्या राहिल्या. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला तिथे आपली तुकडी घेऊन होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोकही होते. कोकणात विजयदुर्गावर इंग्लंडचे सर नॉर्मन लॉकियर उतरले. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे अजून त्यांची आठवण सांगतात. राहूने सूर्य गिळला म्हणून जग घरात दडले असता ही माणसे सात समुद्र ओलांडून, दोन मिनिटांचा तो अंधार पाहायला आली होती. आणि त्याच १८९८ साली इंग्लंडात एच. जी. वेल्स यांची एक कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्यात मंगळावरचे प्राणी पृथ्वीवर स्वारी करतात. त्यांच्या यंत्रांपुढे तोफा लुळ्या पडतात, आणि शेवटी त्यांना मारतात ते आपले साधे रोगजंतू. वेल्स यांचा मंगळ खरा नव्हता. पण दुबळ्या देशांवर चालून जाणाऱ्या बलाढ्य साम्राज्याला, तुमच्यावर असाच कोणी चालून आला तर कसे वाटेल, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. चांगल्या कल्पित ग्रहाचे हेच काम. तो दूरच्या आकाशात टांगलेला आरसा असतो.

रेडिओच्या माणसांना तर ही कादंबरी विसरता येत नाही. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स या तरुण नटाने तिच्यावरून एक नभोनाट्य सादर केले, आणि ते बातम्यांच्या ढंगात केले. सुरुवातीची सूचना ज्यांनी ऐकली नाही अशा काही श्रोत्यांना वाटले की खरेच स्वारी झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्या घबराटीला भरपूर तिखटमीठ लावले. ती छापली तेवढी मोठी नव्हती असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी धडा शिल्लक राहतो. ही गोष्ट आहे, एवढे दोन शब्द गळाले की गोष्टीची अफवा होते. वेल्सच्या मंगळाचे एका रात्रीपुरते जे झाले, ते आपल्या राहूचे शेकडो वर्षे झाले.

मराठीत ही पाटी नीट लावून लिहिणारे लेखक झाले हे आपले भाग्य. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ साली त्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. तिला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्राध्यापक जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. मोठे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, कथेची कथा म्हणून पारख व्हावी, हा हेतू. २०२५ साली ते गेले. पण त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा: ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासुर’. नावे पुराणातली आणि आतला विचार आजचा. पुराण टाकून न देता आणि पुराणाला विज्ञानही न म्हणता दोन्हींना आपापल्या जागी कसे बसवावे, ते या नावांतूनच कळते.

लालबाग-परळच्या गणेशोत्सवातही मला हीच समजूत दिसते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि महिन्याभराच्या आत गणपती बसले. त्या वर्षी किती तरी मंडळांनी चांद्रयानाचे देखावे उभारले. चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणणारे आपण, आणि त्याच गणपतीपुढे चंद्रावर उतरलेले यान कौतुकाने पाहायला रांगेत उभे राहणारेही आपणच! यात हसण्यासारखे काही नाही. माणूस असाच एकेक पाऊल पुढे सरकतो.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सोपा उद्योग सुचवतो. खर्च काही नाही. शनिवारच्या शाळेत मुलांना सांगा, चला, आपण एक ग्रह तयार करू. नाव मुलांनीच ठेवावे. मात्र एक अट: गोष्ट मनाची, हिशेब निसर्गाचा.

समजा, मुलांनी तो सूर्यापासून पृथ्वीच्या चौपट अंतरावर ठेवला. मग विचारा, तिथले वर्ष केवढे? केप्लरचा नियम सांगतो की अंतराचा घन करा आणि त्याचे वर्गमूळ काढा. चाराचा घन चौसष्ट, चौसष्टाचे वर्गमूळ आठ. म्हणजे तिथले एक वर्ष आपल्या आठ वर्षांचे! तिसरीतल्या मुलीचा तिथे पहिला वाढदिवस. ऊन किती? अंतर चौपट, म्हणून ऊन सोळावा हिस्सा. तिथे ज्वारी येईल का? शेतकऱ्याच्या मुलाला याचे उत्तर तुमच्या-माझ्यापेक्षा आधी सुचेल. ग्रहाची माती पृथ्वीसारखीच पण व्यास निम्मा, असे धरले तर ओढही निम्मी. शंभर किलोचे पोते उचलताना पन्नास किलोचे वाटेल. हमालांची चैन! पण ओढ कमी म्हणजे हवा धरून ठेवायला बळ कमी. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ आहे आणि चंद्रावर जवळजवळ नाहीच, हे त्यांना सांगा.

मग मुले लढाई लावतीलच. लावू द्या. फक्त विचारा, पृथ्वीवरच्या सेनापतीने “सोडा अस्त्र!” म्हटले, तर हुकूम तिथे कधी पोचेल? सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर. आपला ग्रह चौपट, म्हणजे सूर्यापासून साठ कोटी. तो आपल्या सर्वांत जवळ आला तरी पंचेचाळीस कोटी किलोमीटर दूर. प्रकाश आणि रेडिओच्या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. भाग द्या: पंधराशे सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटे. हुकूम जायला पंचवीस आणि उत्तर यायला पंचवीस. तोवर लढाईचा निकालही लागून गेला असेल! सैन्य पोचायला किती दिवस? आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागले. साडेदहा महिने, आणि तेही शेजारच्या मंगळापर्यंत. एवढ्या दिवसांची रसद कोण नेणार? शिवाजी महाराजांच्या गडांचा इतिहास शिकलेल्या मुलाला रसदेवाचून लढाई नाही हे ठाऊक असते. आणि पडद्यावर यान फुटल्याचा जो धडाडधूम आवाज होतो तो कुठून आला? आवाजाला हवा लागते. दोन ग्रहांच्या मधल्या पोकळीत कितीही मोठे यान फुटले तरी बाहेर चिडीचूप.

असा एक तास झाला की मुलाच्या हातात दोन गोष्टी येतात. मनाने ग्रह रचण्याचे धाडस येते, आणि रचलेला ग्रह तपासण्याची सवयही येते. उद्या कोणी त्याला सांगितले की अमुक ग्रह तुझ्या वाईटावर आहे, शांतीला एवढे रुपये काढ, तर तो निदान तीन प्रश्न विचारील. हा ग्रह कोणी पाहिला? त्याची ओढ कशाने मोजली? आणि भाकीत खोटे ठरले तर सांगणारा ते सोडून देणार का? या तीन प्रश्नांपुढे नेपच्यून ताठ उभा राहतो, व्हल्कन मान खाली घालून निघून जातो, आणि गोष्टीतला ग्रह हसून म्हणतो, मी तर गोष्टीतलाच आहे. गप्प बसतो तो फक्त भीती विकणारा.

आणि ग्रहण येईल तेव्हा, मग ते २ ऑगस्ट २०२७ चे असो की त्यापुढचे कुठले, शाळेला सुट्टी देऊन मुलांना घरी कोंडू नका. आधी वर्गात एक दिवा, एक चेंडू आणि एक मुलगा एवढ्या सामानात ग्रहण करून दाखवा. दिवा सूर्य, चेंडू चंद्र, मुलाचे डोके पृथ्वी. चेंडू जरा वर धरला की ग्रहण नाही, नेमका मध्ये आला की ग्रहण. राहू कुठे आहे ते मुलगाच बोटाने दाखवील. मात्र उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे मुळीच पाहू देऊ नका. भीती राहूची नाही, पण सूर्याच्या तेजाची खरी आहे. त्याने डोळा कायमचा अधू होतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीच भरवशाचे नाही. ग्रहणासाठी मुद्दाम केलेले चष्मे असले तर वापरा. नसले तर एका जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि त्या भोकातून भिंतीवर पडणारी सूर्याची कोर पाहा. तेही नसले तर अंगणातल्या कडुनिंबाखाली जा. एरवी पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे गोल असतात. ग्रहणात त्या प्रत्येकाची कोर झालेली असते. जमिनीवर शेकडो सूर्य सांडलेले दिसतात, आणि ते पाहायला एक पैसा पडत नाही.

त्या वेळी घरातल्या पोटुशी सुनेलाही बाहेर बोलवा. ती तहानेली असेल तर तिला आधी पाणी द्या, भुकेली असेल तर भाकरी द्या, मग ते कवडसे दाखवा. ज्या दिवशी गावातली एक बाई ग्रहणात सावलीत बसून निवांत पाणी पिईल, त्या दिवशी ही जुनी लढाई त्या गावापुरती आपण जिंकली असे समजायला हरकत नाही. राहूला यात कसलेच दुःख नाही. तो गोष्टीत सुखाने राहील, पंचांगात कोपऱ्याच्या दगडाचे आपले काम करीत राहील. आपण फक्त त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही.